शब्दचर्चा: 'लॉक कंटेन्शन' म्हणजे स्पर्धा की खोळंबा?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलांसाठी मी केव्हीएम आणि क्यूएमूवर (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं, म्हणजे 'व्हीएम', चालवणारी सॉफ्टवेअरं) मराठीत टिपणं लिहिते आहे. मोठा व्हीएम अचानक रखडतो कशाने, हे सांगायला लागलं की दर दोन ओळींनी 'लॉक कंटेन्शन' येतं, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकसाठी अनेकांना थांबावं लागणं. पहिल्या खर्ड्यात मी 'कुलूप-स्पर्धा' लिहिलं होतं. तो वाचून एका मुलाने विचारलं, "ताई, स्पर्धा आहे म्हणजे कोणीतरी जिंकणारच. मग बिघडलं कुठे?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. 'चढाओढ', 'रस्सीखेच', 'झुंबड' हेही लिहून पाहिलं, पण मन भरत नाही. आणि 'लॉक'ला 'कुलूप' म्हणणं तरी बरोबर आहे का? टिपणं पुढच्या आठवड्यात द्यायची आहेत, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

प्रतिसाद

ताई, त्या मुलाने नेमकं बोट ठेवलं आहे. 'स्पर्धा' हा शब्द इथे नुसता कमी पडत नाही, तो चुकीच्या दिशेला नेतो. तुमच्याच टिपणात पुढे 'रेस कंडिशन' येईल. त्याला तुम्ही 'शर्यत' म्हणाल आणि ते योग्यच आहे. पण शर्यत लागते ती लॉक नसतो तेव्हा: दोन थ्रेड (प्रोग्रॅममधले शेजारी-शेजारी चालणारे कामाचे धागे) एकाच जागी एकाच वेळी लिहायला धावतात. कंटेन्शन होतं ते लॉक असतो आणि तो फार वेळ कोणाच्या तरी हातात राहतो तेव्हा. एका दुखण्याचं औषध म्हणून लॉक आला आणि त्यातून दुसरं दुखणं निघालं. या दोन्हींना स्पर्धा-शर्यत अशी सख्खी नावं दिली तर शिकणाऱ्याचा गोंधळ कायमचा.

माझं मत 'खोळंबा'. 'रूळाला तडा, प्रवाशांचा खोळंबा' हा मथळा मुंबईत कोणालाही समजवावा लागत नाही. त्यात कोणी कोणाशी भांडत नाही, कोणी जिंकत नाही. सगळ्यांना पुढे जायचं आहे, वाट एकच आहे, आणि वेळ वाया जातो आहे. नुकसान मोजायचं ते वाया गेलेल्या वेळेचंच.

'कोंडी' मात्र इथे वापरू नका, ती 'डेडलॉक'साठी राखून ठेवा. खोळंबा आपोआप सुटतो, उशिरा का होईना. कोंडी सुटत नाही, ती फोडावी लागते.

प्रतिसाद

खोळंब्याला माझा पाठिंबा. माझा आक्षेप आहे 'कुलूप' या शब्दावर.

'कुलूप' आपल्याकडे अरबीतल्या 'कुफ्ल'वरून आलं, अक्षरं उलटसुलट होऊन. शब्द घरचाच झाला आहे, त्यामुळे परकेपणाची तक्रार नाही. अडचण क्रियापदांची आहे. मराठीत कुलूप लावतात, घालतात, काढतात. 'कुलूप घेतलं' म्हणजे बाजारातून आणलं. 'कुलूप फोडलं' म्हणजे चोरी झाली. आता तुमच्या टिपणात एका मोठ्या लॉकचे अनेक छोटे लॉक करण्याचा उपाय येणारच. तिथे 'कुलूप फोडून लहान केलं' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहारच येईल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दाराला कुलूप असतं तेव्हा आत कोणी नसतं. संगणकातला लॉक बंद असतो तेव्हा आत नेमकं कोणीतरी असतं. म्हणून मला ते कुलूप न वाटता खिळ्याला अडकवलेली एकुलती एक किल्ली वाटते. ज्याने किल्ली उचलली तो आत जातो आणि काम झालं की ती परत अडकवतो. एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती गोळा देत, तसंच. तो एकच गोळा हाती असल्याशिवाय गाडी पुढच्या खंडात शिरत नसे.

रोजच्या बोलण्यात आपण 'लॉक घेतला', 'लॉक धरून बसलाय', 'लॉक सोडत नाहीये' असंच म्हणतो. घेणं, धरणं, सोडणं ही तिन्ही क्रियापदं किल्लीची आहेत, कुलपाची नाहीत. म्हणून 'लॉक' तसाच ठेवा, पुल्लिंगी, आणि समजावताना किल्लीचं चित्र वापरा. 'टाळे' तर नकोच. टाळेबंदी म्हटलं की आता गिरणी आणि २०२० एवढंच आठवतं.

प्रश्नकर्तीचं उत्तर

'घेणं-धरणं-सोडणं' हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार. पण व्हीएममध्ये एक खास प्रकार आहे, त्याला शब्द हवा आहे. व्हीएमच्या आतल्या लिनक्सला वाटतं, आपल्याला आठ सीपीयू आहेत. होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतो त्या मूळ यंत्राच्या, दृष्टीने ते आठ साधे थ्रेड. आतल्या एका व्हीसीपीयूने (आभासी सीपीयूने) स्पिनलॉक, म्हणजे थांबणारा न झोपता जागीच फिरत तपासत राहतो असा लॉक, धरला आणि नेमकं त्याच क्षणी होस्टने त्याला बाजूला करून दुसऱ्याला सीपीयू दिला, तर बाकीचे सात तिथेच फिरत राहतात. होस्टला याचा पत्ताही नसतो. याला इंग्रजीत 'लॉक होल्डर प्रीएम्प्शन' म्हणतात. हे मराठीत कसं लिहावं?

प्रतिसाद

किल्ली खिशात ठेवून झोपलेला.

व्याख्येत हवं तर 'लॉकधारक विस्थापन' लिहा, पण लक्षात राहील ते हेच. तेही त्याचा दोष नसताना झोपलेला, कारण त्याला होस्टने झोपवलं आहे.

मी चाळीत वाढलो. सार्वजनिक नळावर पहाटे पाणी यायचं आणि रांगेत माणसांऐवजी बादल्या असायच्या. बादली ठेवली की नंबर लागला. लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आलेला तिकीट स्पिनलॉक म्हणजे हुबेहूब ही बादल्यांची रांग. आधी आला त्याला आधी, कोणावर अन्याय नाही. साध्या यंत्रावर ती उत्तम चालते. व्हीएममध्ये मात्र उलटते. नळ मोकळा आहे, पण पुढचा नंबर ज्या बादलीचा, ती बाई घरात गेली आहे. मागच्या पाच जणी हंडे घेऊन उभ्या आहेत, तरी नंबर ओलांडून पाणी भरता येत नाही. म्हणजे किल्ली धरणारा झोपला तरी खोळंबा, आणि रांगेतला पुढचा झोपला तरी खोळंबा. शिस्त जितकी कडक, तितका तो जास्त.

चाळीने शोधलेला उपाय तोच, जो पुढे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. "तू जा, टेक जरा, पाळी आली की हाक मारते." केव्हीएमवरच्या गेस्टसाठी (व्हीएमच्या आतल्या लिनक्ससाठी) २०१३ मध्ये, ३.१२ आवृत्तीत, आलेला पॅराव्हर्च्युअल तिकीट लॉक असाच चालतो. व्हीसीपीयू थोडा वेळ फिरतो, पाळी आली नाही तर होस्टला सांगून झोपतो, आणि लॉक सोडणारा होस्टकरवी त्याला हाक मारतो. इंग्रजीत त्या हाकेला 'किक' म्हणतात. मराठीत 'हाक'च चांगली, लाथ कशाला? २०१५ च्या ४.२ आवृत्तीत रांगेची रचना बदलून क्यूस्पिनलॉक आला, हाक मात्र राहिली.

गेस्ट सहकार्य करत नसेल तर प्रोसेसरच पाळत ठेवतो. इंटेलच्या यंत्रांवर 'पॉज' ही आज्ञा कोणी थोड्या थोड्या अंतराने सारखी देत राहिला, की हा नुसता फिरतो आहे हे ओळखून त्याला बाहेर काढलं जातं. मग केव्हीएम त्याच व्हीएमच्या दुसऱ्या एखाद्या व्हीसीपीयूला वेळ देतो, जेणेकरून किल्ली खिशात असलेला जागा व्हावा.

प्रतिसाद

दादांच्या उत्तरात 'फिरणं' आलं, त्यावर थोडं. 'स्पिन'चं शब्दशः भाषांतर म्हणून 'फिरणं' ठीक, पण अर्थाने 'ताटकळणं' अचूक आहे. ताटकळणारा उभा असतो, पाय दुखेपर्यंत. 'तिष्ठत राहणं' तर संस्कृतातल्या 'उभं राहणं' या अर्थाच्या धातूवरूनच आलं. म्युटेक्स या दुसऱ्या प्रकारच्या लॉकवर थांबलेला थ्रेड मात्र झोपलेला असतो, त्याच्यासाठी साधं 'वाट पाहणं'.

हा फरक रोजच्या कामात उपयोगी पडतो. एका रात्री आमच्या एका मोठ्या व्हीएममध्ये 'टॉप' (सीपीयूचा वापर दाखवणारी आज्ञा) उघडलं तर सगळे सीपीयू कर्नलच्या वेळेत शंभर टक्के, आणि डेटाबेसकडून उत्तर काही येईना. तासभर आम्ही समजत होतो की खूप काम चाललं आहे. काम शून्य होतं, सगळे ताटकळत होते. ताटकळणारा बाहेरून कामात असल्यासारखा दिसतो, वाट पाहणारा रिकामा दिसतो. टिपणात हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर मुलांच्या अशा रात्री वाचतील.

आणखी एक जोडी: 'रीडर-रायटर लॉक', जो वाचणारे अनेक जण एकत्र घेऊ शकतात पण लिहिणारा एकटाच घेतो. 'वाचक-लेखक' लिहिण्याचा मोह होईल, पण केव्हीएमच्या बाबतीत तो फसवतो. गेस्टच्या मेमरीतल्या पानांचे तक्ते राखणारा एमएमयू लॉक पूर्वी एकच स्पिनलॉक होता. शेकडो व्हीसीपीयूंचा व्हीएम जागता असताना एका होस्टवरून दुसरीकडे हलवायला घेतला की सगळ्यांचे पेज फॉल्ट (पानाची नोंद तक्त्यात नसली की येणारे अडथळे) त्या एका किल्लीपाशी येऊन खोळंबत. गूगलचे बेन गार्डन यांनी लिहिलेला हे तक्ते सांभाळणारा नवा कोड, टीडीपी एमएमयू, २०२० च्या अखेरीस लिनक्सच्या ५.१० मध्ये आला. पुढे ५.१२ मध्ये तो लॉक रीडर-रायटर झाला आणि पेज फॉल्ट समांतर सुटू लागले. गंमत अशी की फॉल्ट सोडवणारा लॉक 'वाचक' म्हणून घेतो, पण तक्त्यात लिहितो! लिहिताना तो अणुतुल्य, म्हणजे मध्येच न तुटणाऱ्या, आज्ञेने पाहतो: नोंद मघाशी पाहिली तशीच आहे का? असेल तर बदल, नसेल तर पुन्हा प्रयत्न. म्हणून 'सामाईक' आणि 'एकट्याचा' हे शब्द घ्या. सामाईक विहिरीवर प्रत्येक जण आपापला पोहरा सोडतो. विहीर उपसून साफ करायची असेल तेव्हा मात्र ती एकट्याच्या ताब्यात लागते.

प्रश्नकर्तीचं उत्तर

क्यूएमूच्या भागात आता असं लिहिलं आहे, चूक दिसली तर सांगा:

"क्यूएमूमध्ये एक मोठा लॉक आहे. केव्हीएमवर व्हीसीपीयू गेस्टचा कोड चालवत असताना तो धरत नाही. पण नकली उपकरणाला हात लावायला बाहेर आला की बहुतेक वेळा त्याला तो लागतो. या लॉकचं जुनं नाव 'आयओथ्रेड लॉक' असल्यामुळे तो आयओथ्रेडचा, म्हणजे डिस्कसारखी कामं करणाऱ्या वेगळ्या थ्रेडचा, आहे असा गैरसमज होई. २०२४ च्या ९.० आवृत्तीत नाव बदलून 'बिग क्यूएमू लॉक' केलं गेलं. त्यापाशी होणारा खोळंबा कमी करायला डिस्कचं काम वेगळ्या आयओथ्रेडकडे द्या, म्हणजे ते या किल्लीसाठी ताटकळत नाही."

आणि एक लेखनाची शंका. खोळंबा 'कुलुपापाशी' की 'कुलूपापाशी'?

प्रतिसाद

मूळ शब्द 'कुलूप', लू दीर्घ. विभक्ती लागली की उपान्त्य ऱ्हस्व होतो, म्हणून 'कुलुपाला', 'कुलुपापाशी'. वर एका प्रतिसादात 'कुलपाची' असं आलं आहे, तेही बोलण्यात सर्रास चालतं, पण टिपणात 'कुलुपाची' ठेवा. उताऱ्यातलं शेवटचं वाक्य 'म्हणजे ते काम या किल्लीसाठी खोळंबत नाही' असं करा. काम खोळंबतं, ताटकळतो तो स्पिनलॉकपाशी फिरणारा व्हीसीपीयू.