उत्तर: पाडव्याचा ऑनलाइन कार्यक्रम - तालीम कधी आणि कोण काय बघणार

मंडळी नमस्कार,
ठाण्याहून लिहितेय. तालीम इथल्या रात्री निवांत करू असं ठरतंय, मला नाही पटत. दिवाळीला तसंच केलं होतं, रात्री सगळं झकास, आणि कार्यक्रमाच्या सकाळी आमच्या नौपाड्याच्या घरात निवेदन चालू असताना खाली भंगारवाला, खिडकीत कबुतरं आणि शेजारचा कुकर, तीन शिट्ट्या सगळ्या अमेरिकेने ऐकल्या, चॅटमध्ये कोणीतरी "वरण की भात" विचारलं पण. म्युट करायचं काम कोणाचं हेच ठरलं नव्हतं, जो तो दुसऱ्याच्या भरवशावर. म्हणून तालीम कार्यक्रमाच्याच वेळेला, रविवारी सकाळी साडेसातला.

आणि कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाणार, तालीम त्याच्या आधी आहे आणि कार्यक्रम नंतर. म्हणजे तालमीला तुम्ही शनिवारी संध्याकाळी सहाला, कार्यक्रमाला सातला. आमचे साडेसात दोन्हीकडे तेच.

ज्याचा कार्यक्रमात भाग आहे त्याने बटणांना हात लावू नये प्लीज. आणि एकाने फक्त फोनवर प्रेक्षक म्हणून बसायचं, काय दिसतंय काय ऐकू येतंय ते व्हॉट्सॲपवर सांगत राहायचं, बाकी काही करायचं नाही.

-----
ताई, सहाला मुलांचा क्लास आहे पण बघतो कायतरी. होस्ट मी, को-होस्ट अजून दोघं करू, माझं नेट गेलं तर वेटिंग रूममधल्यांना आत घ्यायला कोणीतरी हवं. तालीम पण मंडळाच्याच झूम अकाउंटवरून करू, फुकटवालं ४० मिनिटांत बंद पडतं. यूट्यूब चॅनेल नवीन आहे, पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून आजच ऑन करून ठेवतो.
(सॅन होजे)

-----
वाशीहून काका. गाणारी ठाण्यात आणि तबला माझ्या घरून, हे मुळात जमणार नाही. आवाज पोचायला जो उशीर होतो त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हमखास चुकते, मी वाट बघणार तिची आणि ती माझी, लय बसतच जाणार. त्यापेक्षा मी डग्गा-तबला घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलने सकाळीच ठाण्याला येतो. मेगाब्लॉकच्या आत पोचेन, परतीचं नंतर बघू. आणि झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' ऑन करायला विसरू नका, नाहीतर तंबोऱ्याला ते पंख्याचा आवाज समजतं आणि गाळून टाकतं.

-----
काका याच, दोन्ही रविवारी. पोह्यांचं आदल्या रात्रीच चिरून वगैरे ठेवते. शेजारच्या काकूंशी बोलले, कुकर साडेनऊनंतर लावणार म्हणाल्या. राऊटर इन्व्हर्टरवर घेतलाय. प्रेक्षक म्हणून बसायला अजून कोणीच हात वर केला नाहीये, आज रात्रीपर्यंत सांगा.