पोरगा अमेरिकेत, म्युनिसिपल बाँडच्या युनिट ट्रस्टमधी पैसे टाकावे का?

दारव्ह्याचा मास्तर:
नमस्कार मंडळी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालो, पोरगा 8 वर्षांपासून न्यू जर्सीत नोकरीले आहे. त्याले तिथल्या एजंटनं सांगतलं की म्युनिसिपल बाँडचा (म्हणजे तिथल्या नगरपालिका, राज्य लोकायकडून व्याजानं कर्ज घेते त्याचे कागद) युनिट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट घे, व्याजावर टॅक्स नाही अन् महिन्याच्या महिन्याले पैसे येते. पोरगा म्हणते बाबा तुमच्याही नावानं टाकतो. मले समजून नाही राहिलं, हे म्युच्युअल फंडच आहे का? अन् दोन-चार वर्षांत तो वापस यायचं म्हणते, मंग काय?

वऱ्हाडी84:
सर, वेगळं आहे. फंडात मॅनेजर घे-वीक करत राहते, इथं सुरुवातीले ठरलेले बाँड घेतले की ट्रस्ट संपेलोक तेच, म्हणजे एकदा पेरलं की मधात ना डवरणी ना निंदन. म्हणून वर्षाचा खर्च कमी, पण सेल्स चार्ज म्हणजे विकणाऱ्याचं कमिशन लागते, तो किती ते पोराले आधी पाहाले सांगा. अन् मुख्य म्हणजे 'कॉल'. व्याजदर उतरले की तिथली नगरपालिका जुना जास्त व्याजाचा बाँड मुदतीआधीच फेडून टाकते, अन् ट्रस्ट ते पैसे नवीन बाँडमधी न लावता तुमच्या हातात देते. माया मोठ्या भावाले एका महिन्यात अशीच मोठी रक्कम आली, त्याले वाटलं व्याज वाढलं, खर्च करून टाकली, ते मुद्दल होतं! पुढं दर महिन्याचे पैसे कमीच येत राहिले. बाँड कोणाचे तेही पाहा, डेट्रॉइट शहरानं 2013 मधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

वणीचा हिशोबवाला:
कॉलचं भाऊनं बरोबर सांगतलं. आता टॅक्सचं. सर, ती माफी अमेरिकेची आहे, आपल्या सरकारची नाही. तिथंही राज्याचा टॅक्स बहुतेक आपल्याच राज्याचे बाँड असले तरच वाचते, म्हणून त्यानं न्यू जर्सीवालाच ट्रस्ट पाहावा. तुमच्या नावावर घेतला तर ते व्याज इथं तुमच्या उत्पन्नात धरते, परदेशी मालमत्ता म्हणून रिटर्नमधी दाखवाही लागते, नाही दाखवली तर दंड मोठा आहे. पोरगा वापस आला की सुरुवातीचे दोनेक वर्ष सूट भेटू शकते, मंग त्यालेही इथं टॅक्स. उलटंही तसंच, आपले एनएचएआय (हायवेवाली), आरईसी (विजेच्या कामाले कर्ज देणारी) अशा सरकारी संस्थायचे टॅक्स-फ्री बाँड त्यानं घेतले तर अमेरिका व्याजावर टॅक्स लावते. तुमच्यासाठी मात्र तेच बरे. 2016 नंतर नवीन निघाले नाही, पण डिमॅट असन तर शेअर बाजारात जुने भेटते. 1000 चा बाँड त्याच्याहून महागात भेटते म्हणून वरचा व्याजदर पाहून घेऊ नका, यील्ड म्हणजे दिलेल्या किमतीवर खरोखर किती टक्के पडते ते काढून घ्या.

दारव्ह्याचा मास्तर:
लय उपकार झाले भाऊ. माया नावाचं आजच नाही म्हणतो, अन् त्याले ट्रस्टमधल्या बाँडच्या कॉलच्या तारखा मागवाले लावतो.