देशांच्या क्षेत्रफळांवरून मोठ्या संख्यांचा क्रम शिकवताना येणारी अडचण: मदत हवी आहे

पाचवीच्या मुलांना सहा आणि सात अंकी संख्यांचा चढता-उतरता क्रम शिकवण्यासाठी मी देशांच्या क्षेत्रफळांचा तक्ता वापरत आहे. नुसत्या कोरड्या संख्यांपेक्षा मुले त्यात अधिक रमतात, हे खरे. परंतु एक चूक काही केल्या सुटत नाही. नायजेरिया (९,२३,७६८ चौ. किमी) आणि इजिप्त (१०,०२,४५० चौ. किमी) यांची तुलना करताना बरीच मुले डावीकडचा ९ पाहून नायजेरियाच मोठा ठरवतात, म्हणजे अंक मोजण्याआधीच पहिल्या अंकावर निकाल देतात. याउलट अर्जेंटिना (२७,८०,४००) आणि कझाकस्तान (२७,२४,९००) या जोडीत लाखांपर्यंतचे अंक सारखे असल्याने ती गोंधळून थांबतात.

स्थानिक किमतीचे रकाने आखून पाहिले, पट्ट्या कापून त्या क्रमाने लावायला दिल्या. रकाने असेपर्यंत उत्तरे बरोबर येतात, ते काढले की पुन्हा तेच. शिवाय भिंतीवरचा नकाशा उलट साक्ष देतो, कारण मर्केटर प्रक्षेपणात (ध्रुवांकडचे प्रदेश प्रत्यक्षापेक्षा मोठे दाखवणाऱ्या नकाशापद्धतीत) ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढा दिसतो आणि तो केवळ २१,६६,०८६ चौ. किमी आहे यावर मुलांचा विश्वासच बसत नाही.

रकान्यांचा आधार टप्प्याटप्प्याने कसा काढावा? तसेच तक्त्यात आरंभी भिन्न अंकसंख्येचे देश घ्यावेत की समान अंकसंख्येचे? ज्यांनी हा भाग प्रत्यक्ष शिकवला आहे, त्यांनी कृपया आपला क्रम सविस्तर कळवावा.