पोरं आवडीनं जेवतील असं शाकाहारी काय करता? अनुभव सांगा (बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडीकडचे)

टिळकवाडीची आई
श्रावण लागला की आमच्यात महिनाभर मटण-अंडी बंद. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. मागच्या श्रावणात डबा रोज तसाच परत यायचा, भेंडी एका कोपऱ्यात सारलेली, चपातीच्या नुसत्या कडा कुरतडलेल्या. मग मी काय केलं, रविवारी रात्री दोघांना जवळ घेऊन पाठकोऱ्या कागदावर आठवड्याचं लिहायला लागले. दोन वार त्यांचे, बाकीचे माझे, आणि रोज एक तरी डाळ नाहीतर कडधान्य पाहिजेच. मुलानं सोमवारी सरळ भडंग लिहिलं. मी खोडलं नाही, त्यातच मोडाचे मूग, काकडी, कोथिंबीर घातली, आणि स्वतः लिहिलेलं म्हणून त्यानं गपगुमान खाल्लं. आता शाळेतनं आला की "आई, काय करूलीस?" विचारत नाही, आधी जाऊन फ्रिजवरचा कागद वाचतो. तुम्ही काय करता ते लिहा, फसलेलं पण लिहा.

खानापूर तालुका
आमच्या लाल मातीत रताळी चांगली येतात, त्यामुळं नवरात्राच्या सुमारास घरात पोतंच असतं. पोरांना उकडून दिली की दोन दिवसांत कंटाळतात. म्हणून पातळ काप करायचे, तिखट-मीठ-हळद लावून तांदळाच्या रव्यात घोळवायचे आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायचे. सोबत आमटी-भात. काप दिसले की आमटीचं नाव कोण काढत नाही, भुरकून मोकळी होतात. नाचणीचं मात्र माझं फसलं होतं, भाकरी काळी दिसते म्हणून धाकटी हात लावायची नाही. आंबील पण नको. शेवटी नाचणीचं पीठ, गूळ, वेलची घालून छोटे छोटे घावन केले, ते चालले. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा ती सोडायची माझी तयारी नव्हती.

चिकोडीकडचा बाप
मी सहसा लिहीत नाही पण हे सांगायलाच पाहिजे. आमची मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षांखाली सारखी दमायची, शाळेतनं आली की दप्तर टाकून आडवी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवण कसं असतं ते बारीक विचारलं, तेव्हा कळलं की संध्याकाळी चहा-बटर खाऊन पोट भरायचं आणि जेवताना परत चहाच मागायची, आमच्याच घरानं लावलेली सवय. डॉक्टर म्हणाले जेवणाच्या आगंमागं चहा दिला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, उलट उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा. चहा बंद करताना चार दिवस रडारड झाली, मला पण वाईट वाटत होतं. मग सकाळी मीच तिला घेऊन रानात जायला लागलो, कोवळी मेथी तिनं स्वतः खुडायची, आणि घरी आल्यावर गरम जोंधळ्याची भाकरी, त्यावर शेंगाची चटणी, दही आणि तीच मेथी कच्ची, वर लिंबू. ती भाकरी कुस्करून दह्यात कालवते आणि मेथीची दोन दोन पानं मोजून तोंडात टाकते. गोळ्या आणि हे मिळून तीन महिन्यांनी ११ च्या वर गेलं. घरात धाकटं असेल तर एक लक्षात ठेवा, चार-पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. चटणी नाहीतर कूटच द्या.

निपाणी (आज्जी सांगतेत, मी टाईप करतोय)
आज्जी म्हणतेत, पोराला भूक लागू द्या. पाच वाजता बिस्किटाचा पुडा हातात दिल्यावर आठ वाजता झुणका-भाकरी कोण खाणार. आणि ताटात एकदम भरून वाढू नका, एक घास भाजी वाढा, मागितली की परत वाढा. आम्हा सहा नातवंडांना त्यांनी असंच जेवायला लावलं, मी दोडका खातो तो त्यांच्यामुळंच.

शहापूर
आम्ही मुळातच शाकाहारी, बारा महिने. शेजारच्या कानडी अक्कांनी मला पड्डू (म्हणजे आप्पे) शिकवले तेव्हापासनं डब्याचा प्रश्न निम्मा सुटला. इडली-डोशाचं उरलेलं पीठ थोडं आंबट झालं की त्यात कांदा, किसलेलं गाजर, कढीपत्ता, जिरं, हिरवी मिरची अगदी बारीक चिरून. बिडाच्या पड्डूच्या तव्यात खळग्याखळग्यात थेंब थेंब तेल सोडायचं, पीठ घालून झाकण ठेवायचं, आणि कडा सुटल्या की उलटायचे. उलटायचं काम माझ्या मुलाचं, मी शेजारी उभी असते. तांदूळ आणि उडीद एकत्र आले की प्रथिनं एकमेकांची कमतरता भरून काढतात, म्हणून नुसत्या भातापेक्षा मला हे बरं वाटतं. दूध-दही मात्र रोज द्याच, बी-१२ भाजीपाल्यातनं मिळत नाही.

सरकारी शाळेतली बाई
शाळेत अक्षर दासोहचं, म्हणजे सरकारी योजनेतलं दुपारचं जेवण असतं, भात-सांबार, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. पालक येऊन सांगतात, "बाई, हा घरी डाळ अजिबात खात नाही," आणि तोच पोरगा पंगतीत बसून सांबार दोनदा मागून घेतो. शेजारचा खातोय हे बघून खातो. घरात पण मोबाईल बाजूला ठेवून सगळी एकत्र बसून जेवा, मोठ्यांनी पानात भाजी टाकू नये. तिसरीतल्या एका मुलीनं मला सांगितलं होतं, "आमचे पप्पा पण वांगं काढून ठेवतात."

टिळकवाडीची आई
शहापूरच्या ताई, काल पड्डू केले. माझ्याकडं बिडाचा तवा नाही, नॉनस्टिकचा आहे, पहिला घाणा चिकटला, दुसरा छान सुटला. मुलीनं गाजर बरोब्बर ओळखलं आणि तरी अकरा खाल्ले. रविवारच्या कागदावर तिनं गुरुवारच्या पुढं सात गोल काढून ठेवलेत, तिला लिहिता येत नाही अजून.