जिभीतली ओंडक्यांची केबिन हिवाळ्यासाठी बंद करायची आहे, सल्ला हवा

परळ_ते_पहाड:
मंडळी, राहायला परळला, दोन खोल्या नि एक गॅलरी. पण हिमाचलात, बंजार तालुक्यातल्या जिभीच्या वरच्या अंगाला, एका स्थानिक मित्राच्या सफरचंदाच्या बागेत आमची केबिन उभी आहे. जागा त्याची, लाकूड-पत्रा आमच्या खिशातला. (बाहेरच्यांच्या जमीनखरेदीवर बंधन घालणारं हिमाचलचं कलम ११८ ठाऊक आहे. तो विषय इथे काढू नका, धागा वाहून जाईल.) भिंती देवदाराच्या, अख्खे गोल ओंडके एकावर एक. वर पत्रा, आत लोखंडी तंदूर, म्हणजे खोली ऊबदार ठेवणारी लाकडाची बंद शेगडी, त्याचं धुराडं पत्र्यातून बाहेर.

दिवाळीत आठवडाभर जातोय. त्यानंतर मार्चपर्यंत कुलूप. तिथली थंडी कोरडी असती तर प्रश्न नव्हता. पण पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) आला की आधी पाऊस, त्यावर बर्फ, मग दिवसा वितळायचं आणि रात्री पुन्हा गोठायचं.

मित्राने व्हिडिओ पाठवलाय. उत्तरेच्या भिंतीत, खालून दुसऱ्या ओंडक्यावर, करंगळी जाईल एवढी लांब भेग आहे. कोपऱ्यात बाहेर आलेली ओंडक्यांची टोकं काळी पडलीत. माझा बेत असा: भेगांत सिलिकॉन, वरून चकचकीत व्हार्निश, आणि पावसाळ्यात चाळीची गॅलरी बांधतो तशी निळी ताडपत्री उत्तरेच्या भिंतीला घट्ट. बरोबर आहे का? बायको म्हणते, एवढ्या पैशात बदलापूरला वन बीएचके झाला असता. तिला उत्तर देऊ नका.

वेसावकर_नाखवा:
दादा, पहाड आपल्याला माहीत नाही, लाकूड माहीत आहे. ताडपत्रीचा बेत सोडा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होडी किनाऱ्यावर ओढून शाकारतो. वरून झाकतो, पण दोन्ही तोंडं उघडी ठेवतो, वारा आरपार गेला पाहिजे. घट्ट गुंडाळलेल्या होडीला आतून घाम येतो आणि फळी बाहेरून धडधाकट दिसत आतून भुसा होते. तुमच्या भिंतीचंही तेच होणार. झड अडवायचीच असेल तर ताडपत्री भिंतीपासून हातभर लांब, बांबूवर ताणा. खालून मोकळी.

साइटवरचा_म्हातारा (मुलुंड):
नाखवांशी सहमत. ३४ वर्षं बांधकामात गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

ओंडका सुकताना तडकतो. ते त्याचं दुखणं नव्हे, धर्म आहे. भेगेचं तोंड कुठे आहे ते बघा. खाली तोंड असेल तर हात लावू नका, पाणी आपोआप गळून जातं. वर तोंड असेल तर पाणी साठतं, गोठतं, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. करंगळीची भेग अशानेच रुंदावत जाते. भरताना आधी बॅकर रॉड म्हणून फोमची गोल दोरी मिळते ती आत दाबा, मग वरून सीलंट. दोरी अशासाठी, की सीलंट भेगेच्या दोन्ही गालांना चिकटावं, तळाला नाही. तीन बाजूंनी चिकटलं की लाकूड हललं रे हललं की फाटतं. सिलिकॉन नको, त्यावर नंतर कुठलाच रंग धरत नाही. लाकडासाठीचं ताणणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या.

काळ्या टोकांची मला जास्त काळजी आहे. ओंडका पाणी पितो तो टोकाकडून, अंगाकडून फार कमी. स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचा. टणक लागलं तर नुसता वरचा डाग आहे: घासा, दोन-तीन उन्हं दाखवा, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पाजा, वाळलं की तेलाचे हात द्या. टोकांना भरपूर, पीत नाही तोवर. बोरॅक्स पावसात धुऊन जातं म्हणून वरचं तेल चुकवू नका. स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला तर मात्र तिथल्या मिस्त्रीला बोलवा, तेवढा भाग कापून नवा बसवावा लागेल. देवदाराचा गाभा सहजासहजी कुजत नाही, सालीजवळचं फिकट लाकूड कुजतं.

व्हार्निशचा पापुद्रा उन्हाने तडकतो आणि आत गेलेलं पाणी अडकवून ठेवतो. लाकडात मुरणारं तेल किंवा स्टेन वापरा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. २० टक्क्यांच्या वर आकडा दाखवला तर त्या भिंतीला ब्रश लावू नका. काम अकरा ते तीनच्या उन्हात.

आणि खालचे ओंडके बहुधा जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी भिजतात. वळचणीखाली खडीचा पट्टा टाका. भिंतीला टेकवून सरपण रचलं असेल तर आजच मित्राला फोन करून हलवायला सांगा. पहाडात सगळेच रचतात, छान दिसतं, पण वाळवीला आणि ओलीला आयतं घर.

दादरची_मावशी:
आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे कुल्लूत संसार केला आहे, म्हणून बोलते. भिंतीचं सगळं झालं, नळांचं कोणीच बोललं नाही! बंद घरात पाइप फुटतो आणि वितळल्यावर कळतं. टाकीचा व्हॉल्व बंद, सगळे नळ उघडे, गीझर रिकामा. उघडे म्हणजे उघडेच ठेवून या. संडासाच्या भांड्यातलं आणि बेसिनखालच्या वाकातलं पाणी स्पंजने उपसा आणि जुन्या चादरीचे बोळे कोंबा, म्हणजे वासही येत नाही. गाद्या भिंतीपासून लांब, उभ्या. उंदरांच्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची, कापड नको, ते कुरतडतात.

धुराडं मात्र झाडून घ्या. ओलं लाकूड जाळलं की आत डांबरासारखा थर बसतो आणि तो पेट घेतो. निघताना वर टोपी आहे ना बघा. आणि तिथे असताना रात्री सगळं बंद करून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून झोपायचं नाही. दर थंडीत कोणी ना कोणी त्यात जातं.

परळ_ते_पहाड:
ताडपत्री रद्द. सरपण नेमकं उत्तरेच्याच भिंतीला रचलंय, आताच फोन केला, मित्र हसला पण हलवतो म्हणाला. मावशी, धुराडं आतून झाडायचं की छपरावर चढून? पत्रा चांगलाच उतरता आहे.

दादरची_मावशी:
छपरावर अजिबात चढू नका. पाइपचे तुकडे एकात एक बसवलेले असतात, खालचे दोन सोडवून अंगणात न्या, उभे धरून ठोका आणि काठीला गोणपाट बांधून फिरवा. वरच्या तुकड्यात खालूनच तारेचा ब्रश लांब काठीने चालवा. जिथे पाइप पत्र्यातून बाहेर जातो तिथलं सील गेलं असेल तर तेवढ्यासाठी तिथला माणूस चढवा, त्याला दोरी बांधायला लावा. आणि लाकडी जमिनीवर आधी जुने पेपर पसरा, ती काजळी धुऊन निघत नाही.