विषय: आत्या होणार आहे, तयारी सांगा

मंडळी, नमस्कार.
आइंडहोवनला येऊन आम्हाला आठच महिने झालेत. शेजारच्या मराठी घरात मुलगी झाली. तिची सख्खी आत्या नाशिकला, म्हणून शनिवारी कानात 'कुर्रर्र' करायचा मान माझ्याकडे आलाय. आजवर बारशाला मी फक्त घुगऱ्या खायला गेलेय! न्यायचं काय, करायचं काय? आणि बाळाच्या बाबांनी इथल्या नियमाप्रमाणे 3 दिवसांच्या आत खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन नाव नोंदवलंय, नावाची कार्डंही गल्लीभर गेली. मग मी कानात सांगू काय?
– होऊ घातलेली आत्या

---

आत्याबाई, अभिनंदन!
इथे सगळ्यांचंच नाव आधी फुटतं. आम्ही नातवाच्या वेळी पाळण्यातलं नाव वेगळं राखून ठेवलं होतं. डच लोकांतही कागदावरचं एक आणि हाकेचं दुसरं असतंच. हाकेच्या नावाला ते 'रूपनाम' म्हणतात, ऐकायला अगदी आपल्या पोथीतला शब्द! आईबाबांना हळूच विचारून घ्या.

ओटीला खण, नारळ, तांदूळ. बाळाला झबलं-टोपडं, जमलं तर चांदीचे वाळे. तुम्हालाही साडी मिळेल, 'कशाला, कशाला' एकदाच म्हणा.

हरभरे शुक्रवारी रात्रीच भिजत घाला. डब्यातले उकडलेले चणे नकोत, फोडणीत लगदा होतो.

गोप्याला वरवंटा हवा, तो इथे कोणाकडे असणार? आम्ही खलबत्त्यातल्या बत्त्यालाच कुंची घातली. 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' म्हणत एकीने पाळण्याखालून द्यायचा, दुसरीने वरून घ्यायचा. मुलगी असली तरी आमच्याकडे गोविंद-गोपाळच. बाळाला पाळण्यात ठेवायच्या आधी हे उरका, दगडी बत्ता हातातून निसटतो.
– आम्स्टेलवेनची काकू

---

मंडळाचा पाळणा आमच्या माळ्यावर आहे, शुक्रवारी घेऊन जा. वरचा आडवा दांडा मात्र मागच्या बारशापासून गायब आहे. ज्यांच्याकडे राहिला असेल त्यांनी निमूट आणून द्यावा, कोणी काही विचारणार नाही.
– उट्रेख्टहून

---

काकू, पार पडलं!
बाळंतिणीकडे पहिले आठ दिवस येणारी डच नर्सही आली होती. तिने घरून बेस्खाउट आणले होते: गोल टोस्ट, वर लोणी आणि त्यावर साखरेत घोळलेली बडीशेप, मुलगी म्हणून गुलाबी-पांढरी. आजींनी एक दाणा चावून पाहिला आणि म्हणाल्या, "बाळंतिणीला बडीशेप यांनाही कळते तर!" सुंठवड्याशेजारीच ते ताट मांडलं.

मी पाळण्यावर वाकले आणि पाठीत धपाटे सुरू झाले. नर्स घाबरून मधे पडायला निघाली. रीत समजावल्यावर तिने जो एक घातला, तो अजून दुखतोय. व्हिडिओ कॉलवरून सख्खी आत्या ओरडत होती, "माझ्या वाटचा पण एक घाला तिला!"

पाळण्यातलं नाव विचारू नका, बाळाला शब्द दिलाय.

दांडा शेवटपर्यंत मिळाला नाही. शेजारच्या डच आजोबांच्या फावड्याचा लावला होता आणि पाळणा परत करताना तो तसाच गेलाय. उट्रेख्टकर, तेवढा काढून ठेवा, आजोबा दोनदा विचारून गेले.
– आत्या