जुनी ऑडिओ उपकरणं विकायला काढलीत? तुमचा अनुभव लिहा

बाबांचा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी गेल्या महिन्यात विकली. सदाशिव पेठेतलं घर रिकामं करायचं होतं. पहिल्या जाहिरातीत एवढंच लिहिलं होतं : ‘जुनी म्युझिक सिस्टिम, चालू स्थितीत, किंमत बोलून ठरवू.’ चार दिवस नुसते ‘फायनल किती?’ असे फोन. कुणी एकानंही आवाजाबद्दल विचारलं नाही. वाईट वाटलं, कारण बाबा दर रविवारी सकाळी त्या थाळीवरची धूळ मऊ ब्रशनं पुसायचे.

मग जाहिरात काढून पुन्हा नीट लिहिली. मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, स्पीकर ८ ओहमचे, सुई कधी बदलली, झाकणाला पडलेली चीर, सगळं. व्हॉल्यूम फिरवताना डाव्या बाजूला खरखर येते, हेही लिहिलं. फोन दोनच आले. दुसरे गृहस्थ स्वतःची रेकॉर्ड घेऊन आले, तासभर शांत बसून ऐकलं आणि सांगितलेली किंमत देऊन गेले. खरखर म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागात (पॉटमध्ये) बसलेली धूळ, क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते, हे मला त्यांनीच सांगितलं.

तुम्ही वस्तू कशी मांडलीत, काय सांगायचं राहून गेलं, कुठे मनस्ताप झाला, ते सविस्तर लिहा.

कोथरूडहून

माझी चूक जाळीची. स्पीकरचे फोटो समोरची जाळी लावूनच काढले होते. घेणारे भर पावसात चिंचवडहून आले, जाळी काढली आणि वूफरभोवतीच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरभोवतीच्या) फोमला बोट लावताच त्याचा भुगा हातात आला. मी स्वतः ती जाळी कधी काढलीच नव्हती. ते काही बोलले नाहीत, चहासुद्धा न घेता गेले. आजही ते आठवलं की खजील व्हायला होतं. स्पीकर वापरा अगर न वापरा, हा फोम दमट हवेनं पंधरा-वीस वर्षांत कुजतोच. रबराची किंवा कापडाची कड असेल तर ती बरीच टिकते. नंतर दोन्ही वूफरचे फोम बदलून घेतले आणि जाळी काढून, कडेचा जवळून फोटो टाकला. आठवड्यात गेले.

निगडीहून

मी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. मागच्या पॅनेलचा फोटो नसेल तर मी आता जातच नाही. एकदा जपानहून आणलेला अ‍ॅम्प घेतला. विकणाऱ्यानं ‘चालू आहे’ म्हणून सांगितलं, आणि ते खरंही होतं, फक्त १०० व्होल्टवर. मी घरी आणून थेट २३०च्या सॉकेटला लावला. फ्यूज उडाला, ट्रान्सफॉर्मर जळाला, वास दोन दिवस खोलीत होता.

टर्नटेबलचं आणखी एक आहे. अमेरिकेतल्या काही जुन्या टर्नटेबलांची मोटर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेवर बेतलेली असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ बदलत नाहीत. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर थाळीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २८ पण होत नाहीत. म्हणजे (हार्मोनियमच्या पट्टीत सांगायचं तर) काळी चारमध्ये गायलेला खयाल पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येतो! गाण्यातल्या माणसाला पहिल्या आलापात कळतं, इतरांना नुसतं ‘काहीतरी जड वाटतंय’. तेव्हा व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही लिहाच.

नाना पेठेतून

कॅसेट डेक रविवारी जुन्या बाजारात नेला होता. तिथे लावून दाखवायला वीज कुठली? भंगाराचा भाव सांगितला. परत आणला, घरीच कॅसेट लावून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला, रिवाइंड-फॉरवर्डसकट. त्यावर विकला गेला.

सहकारनगरहून

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ द्यायचा होता. बरीच वर्षं बंद होता. लगेच प्लग लावणार तेवढ्यात शेजारचे काका धावत आले, ‘अगं थांब, आधी सिरीज बल्ब लाव!’ रेडिओच्या वायरमध्ये ६० वॅटचा साधा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असता तर तो बल्ब प्रखर पेटला असता आणि सेट वाचला असता. जुने कपॅसिटर असे अचानक पूर्ण व्होल्टेज दिल्यावर फुटतात म्हणे. आमचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. मग मिस्त्रींना दाखवून कपॅसिटर बदलले आणि ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लावलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

रेडिओच्या लायसन्सचं पोस्टाचं पुस्तक आजोबांच्या ट्रंकेत होतं, शिक्क्यांसकट. त्याचाही फोटो जाहिरातीत टाकला. घेणाऱ्या ताई रेडिओइतक्याच त्या पुस्तकासाठी आल्या होत्या.

सिंहगड रोडहून

विकण्याआधी साफसफाई करणाऱ्यांना कळकळीची विनंती. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या रेकॉर्डी अल्कोहोलनं पुसू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मामांच्या तीन रेकॉर्डी मी अशा घालवल्या, त्यातली एक पुन्हा कुठेच मिळाली नाही. एलपीच्या सुईनं त्या वाजवूनही दाखवू नका, ७८ची खाच बरीच रुंद असते, सुई तळाशी घासते आणि आवाज फाटका येतो.

आणि टर्नटेबल बाहेरगावी पाठवताना सुईची दांडी बांधा, मागचं वजन काढून वेगळं गुंडाळा, थाळीही सुटी करा. मी नागपूरला तसाच पाठवला होता. दांडीची बेअरिंग गेली. पैसे परत दिले, पण त्या मुलानं पहिल्या पगारातून घेतला होता तो.

सदाशिव पेठेतून पुन्हा

नागपूरचं वाचून कसंसंच झालं. निगडीकर, तुमचं वाचून आज बाबांच्या टर्नटेबलच्या पट्टीचा जुना फोटो शोधला. ५० हर्ट्झच आहे. नव्या मालकांना आत्ताच कळवलं.